इमारतीत बसून वापरा

"सतरा नव्हे, अठरा," नोंदकर म्हणाले. "आणि परत वगैरे काही मिळणार नाही."

सोमवारचे साडेदहा वाजले होते. संग्रहालयाच्या तळघरात ताई रिकामा क्रेट पोटाशी धरून उभी होती. तिच्या पोटात काळजीचा एक लहानसा गोळा कायमच असायचा. घरून निघताना गॅस बंद केला का, इथपासून ते एखादं मूल रंगाचं पाणी प्यायलं तर काय, इथपर्यंत त्याला काहीही खाद्य चालत असे. नोंदकरांचं वाक्य ऐकून तो गोळा एकदम घशापर्यंत आला.

"परत मिळणार नाही म्हणजे? काका, मुलांच्या घरच्या वस्तू आहेत त्या. चार वाजता मुलं न्यायला येणार आहेत."

"येऊ देत. बघून जातील."

या संग्रहालयात दर शनिवारी आसपासच्या वस्तीतल्या मुलामुलींसाठी कलेचा वर्ग चालायचा. तेरा ते अठरा वयाची सतरा पोरं, एक लांबट खोली, गळका नळ आणि ताई. मुलं ताई म्हणायची म्हणून माळ्यापासून संचालक मॅडमपर्यंत सगळेच तिला ताई म्हणू लागले होते; मॅडम म्हणायचे ते एकटे नोंदकर. नोंदकर हे नोंदणी विभागाचे प्रमुख. त्या विभागात दुसरं कोणी नव्हतंच. एकतीस वर्षं ते संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करून तिला क्रमांक देत होते. त्यांचं खरं आडनाव काय, हे आता कोणालाच आठवत नव्हतं, आणि त्यांनीही कधी आठवण करून दिली नव्हती.

वर्गाचा शेवटचा विषय ताईने मोठ्या हौसेने निवडला होता: 'जिच्यावाचून घर अडतं ती वस्तू'. शनिवारी ती वस्तू घरून आणायची, दिवसभर बसून तिचं चित्र काढायचं, रविवारी चित्रं वरच्या दालनात लावायची आणि सोमवारी वस्तू घरी न्यायची. ताईला वाटलं होतं, कोणी जुना फोटो आणेल, कोणी पणजीचा पितळी डबा आणेल. पण मुलांनी विषयाचा प्रामाणिकपणे विचार केला आणि कुकरची शिट्टी आणली, टीव्हीचा रिमोट आणला, शिवणकाम करणाऱ्या आईची कात्री आणली, बाबांच्या उशाचं गजराचं घड्याळ आणलं. एकाने बाथरूमच्या दाराची कडी स्क्रूसकट काढून आणली. टाचणी म्हणून ओळखली जाणारी एक सडपातळ, बोलायला टोकदार मुलगी चष्मा घेऊन आली. सुरुवात कशी करायची हे दाखवायला ताईनेही निघताना घरात हाताला लागलं ते उचलून आणलं होतं आणि फळ्याशेजारी उभं राहून दोन मिनिटांत त्याचं चित्र काढून दाखवलं होतं. घरच्यांना विचारून आणलंय ना, हा प्रश्न तिला सुचला तेव्हा मुलांची चित्रं अर्धी रंगवून झाली होती.

संध्याकाळी मुलांनी सगळ्या वस्तू क्रेटमध्ये भरल्या आणि ताईने तो सुरक्षित राहावा म्हणून तळघरात ठेवला. घोळ इथेच झाला. निळा क्रेट म्हणजे ये-जा करणारं सामान आणि करडा क्रेट म्हणजे कायमची भरती, हे संग्रहालयात झाडूवाल्या मावशींनाही ठाऊक होतं. ताईलाही होतं. पण निळ्या क्रेटांवर ओली चित्रं वाळत पडली होती. म्हणून तिने करडा घेतला आणि त्यावर चिठ्ठी लावली: 'तात्पुरतं. सोमवारी परत द्यायचं आहे.' चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, कारण तळघराच्या दारावर पाटी होती, 'येथून पुढे फक्त पेन्सिल'. ती पाटी नोंदकरांनीच लावली होती.

"काका, मी क्रेटवर चिठ्ठी लावली होती हो."

"होती. कोरी होती."

"कोरी?"

"पांढरीशुभ्र. जपून ठेवली आहे. मी काही फेकत नाही."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, दाखवा बघू. ताईचा तत्काळ विश्वास बसला. लिहिलेली चिठ्ठी पिशवीत टाकून आपण कोरीच चिकटवली असणार, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. स्वतःची चूक मान्य करायला तिला कधीच पुरावा लागत नसे.

"मग आता?"

"आता नोंद झाली. वस्तूवर वॉर्निशचा हात, त्यावर शाईने क्रमांक, त्यावर पुन्हा वॉर्निश. रविवारी दिवसभर बसून केलं मी हे. मान मोडली माझी. नोंद रद्द करायला तीन सदस्यांची समिती लागते. ती सहा महिन्यांतून एकदा बसते."

"पुढची कधी आहे?"

"मागच्या मंगळवारी झाली."

ताईने क्रेट खाली ठेवला आणि यादी काढली. "आणि अठरावी वस्तू कुठली? माझ्या यादीत सतराच आहेत. सतरा मुलं, सतरा फॉर्म."

नोंदकरांनी रजिस्टर उघडलं आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "क्रमांक अठरा. गोल, धातूची, दांडी असलेली. हातात धरायचा आरसा. पृष्ठभाग काळवंडलेला, प्रतिबिंब दिसत नाही. मालक अज्ञात."

"आरसा कोणीच आणला नव्हता."

"मॅडम, मी मोजण्यात चुकत नाही. अज्ञात मालकाची वस्तू मी उघडी ठेवत नाही, म्हणून पाकिटात बंद केली आहे."

आणखी वाद घालायची ताईची छाती झाली नाही.

चार वाजता मुलं आली आणि ताईने त्यांना परिस्थिती समजावून सांगितली. कडीवाला मुलगा रडकुंडीला आला.

"ताई, असं नका ना करू. बाबा शनिवारपासून बाथरूममध्ये गाणं म्हणतायत."

"का?"

"आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून. त्यांना एकच गाणं येतं, ताई. सगळ्या बिल्डिंगला पाठ झालंय."

टाचणीने तेवढी चौकशी केली. "चष्म्यालापण नंबर टाकला?"

"हो गं. दांडीच्या आतल्या बाजूला. कोणाचा आहे तो?"

"आजोबांचा. आईच्या बाबांचा. पण चालेल, त्यांचा एक ऑफिसात असतो. तसं म्हणाले ते घरी."

ही एकच मुलगी समजूतदार निघाली, असं वाटून ताईला जरा धीर आला. तो पाच मिनिटं टिकला. संचालक मॅडमनी तिला वर बोलावून घेतलं.

"ताई, गुरुवारी तीन वाजता पाहणी आहे. बाहेरून एक बाई येणार आहेत, वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही ते त्या लिहून देतील. तुम्हाला माहितीये ना, ती खोली खुर्च्या ठेवायला हवीये सगळ्यांना?"

"हो, मॅडम."

"एकही तक्रार नको. पहारेकऱ्याच्या खुर्चीला निळ्या हातांचे ठसे लागले, ते मी पोटात घातलं. आता एक जरी तक्रार आली तरी माझ्या हातात काही राहणार नाही."

ताईने मान हलवली. त्या लांबट खोलीवर तिचा फार जीव होता. पहिल्या शनिवारी जी मुलं भिंतीला पाठ लावून बसली होती, ती आता ब्रशसाठी भांडत होती. टाचणी सुरुवातीचे तीन आठवडे एक शब्द बोलली नव्हती आणि आता तिला गप्प करावं लागत होतं. त्या जागी एकावर एक रचलेल्या खुर्च्या, हे चित्र ताईच्या डोळ्यांपुढून हलेना.

ती पुन्हा तळघरात गेली. "काका, हात जोडते. काहीतरी वाट काढा."

नोंदकर कठोर होते पण दुष्ट नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "कलम बारा. वाचा, मोठ्याने."

"तुम्हाला तर पाठ असेल."

"तुम्ही वाचा. म्हणजे नंतर ऐकलं नव्हतं असं व्हायला नको."

ताईने वाचलं. मूळ मालकास आपली वस्तू पाहण्याची व वापरण्याची मुभा राहील. मात्र वस्तू इमारतीबाहेर जाणार नाही, हातमोजे घालणे आवश्यक, नोंदणी अधिकारी समक्ष हजर असावा.

"झालं तर," नोंदकर म्हणाले. "इमारतीत बसून वापरा. मी कुठे नाही म्हणतोय?"

त्या दिवशी घरी पोचली तेव्हा चहा तयार होता. ताईने पहिला घोट घेतला आणि चहाची पत्ती दातात आली. नवरा खिडकीशी उभा राहून थू थू करत होता.

"गाळणी सापडत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारपासून शोधतेय. रुमालातून गाळला, तरी पत्ती येतेच."

ताईचं डोकं तळघरात होतं. ती कुकरच्या शिट्टीचा विचार करत होती. "आई, तुम्हीच कुठेतरी ठेवली असेल," ती म्हणाली. "हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही."

सासूबाईंनी रुमाल पिळला आणि दोरीवर वाळत टाकला.

मंगळवारपासून पालक येऊ लागले. चित्रांच्या दालनात एक लांब टेबल मांडून नोंदकरांनी त्यावर पांढरं कापड घातलं, सतरा वस्तू ओळीने ठेवल्या आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसले. पहिली आली ती शिवणकाम करणारी काकू. तिला शुक्रवारपर्यंत शाळेचे बावीस युनिफॉर्म द्यायचे होते आणि दुसऱ्या कात्रीला तिचा हात बसत नव्हता. तिने दालनाच्या मधोमध जमिनीवर कापड पसरलं, पांढरे हातमोजे चढवले आणि गुडघ्यांवर बसून कापायला लागली. नोंदकर तिच्यामागून रांगल्यासारखे फिरत होते.

"जरा हळू. धारेवर ताण येतोय."

"काका, कात्री आहे ती. ताण येणारच."

"क्रमांक तीन आहे ती आता."

मग रिमोटवाल्या घरची आजी आली. तिने रिमोटकडे बराच वेळ पाहिलं, बटणं दाबून बघितली आणि म्हणाली, "इथून लागतोय का घरचा टीव्ही? मग निदान सेल तरी द्या काढून. दुसऱ्या रिमोटात घालीन."

"सेल हा वस्तूचा भाग आहे. वेगळा काढता येत नाही."

"पण माझी मालिका!" आजी म्हणाली. "त्या मुलीला दवाखान्यात नेलं, तिथपर्यंत पाहिलंय मी. जगली की गेली?"

हे नोंदकरांना सांगता आलं नाही. पहारेकऱ्याला माहीत होतं. त्याने आजीला खुर्चीत बसवून तीन दिवसांची गोष्ट सांगितली, आणि जाताना आजी उद्या पुन्हा येते म्हणाली.

कडीवाल्या मुलाचे बाबा सर्वांत शांत होते. "कडी इथे आणि दार घरी," ते म्हणाले. "बघून काय करू?" तरी त्यांनी पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इथे कर्मचाऱ्यांसाठी बाथरूम आहे?"

बुधवारी ते खांद्यावर टॉवेल टाकून आले. कलम बाराचा नीट अर्थ लावला तर त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या बाथरूमला कडी बसवण्यात आली आणि नोंदकर बाहेर स्टूल टाकून समक्ष हजर राहिले. आतून कडी लागलेली असूनही बाबांनी सवयीने गाणं म्हटलं. माळ्याने खुरपं खाली ठेवून ते शेवटपर्यंत ऐकलं.

त्याच दिवशी कुकरवाली काकू आली. ती दवाखान्यात पाळीवर काम करायची, तिला वेळ नव्हता, आणि ती बटाट्यांनी भरलेला कुकर घेऊनच आली होती. नोंदकरांनी कापसावर ठेवलेली शिट्टी ट्रेमधून चहाच्या खोलीत नेली आणि हातमोज्यांनी कुकरवर बसवली. पहिली शिट्टी झाली तेव्हा दालनातला पहारेकरी ताडकन उभा राहिला. दुसरीला संचालक मॅडमचं दार उघडलं. तिसरी होईपर्यंत ताई जिन्यात उभी राहून डोळे मिटून मोजत होती.

"तीन शिट्ट्यांनंतर वस्तू उष्ण, इतर इजा नाही," नोंदकरांनी तोंडाने म्हटलं. "लिहून घ्या, मॅडम."

"तुम्ही का नाही लिहीत?"

"माझे हात मोज्यात आहेत."

बुधवारी संध्याकाळी ताईने सगळ्यांना निरोप पाठवले. उद्या ज्यांना यायचं असेल त्यांनी अकरा ते एकच्या दरम्यान या, एकनंतर कृपा करून कोणीही येऊ नका. तीनच्या पाहणीआधी दालन रिकामं, टेबल हटवलेलं आणि भिंतीवर फक्त चित्रं, असा तिचा बेत होता. घरी पुन्हा पत्तीचा चहा मिळाला. सासूबाई आता घरातले खण रिकामे करून शोधत होत्या, कारण आपल्या लक्षात राहत नाही हे त्यांना एकदा तपासून पाहायचं होतं. ताईने ते पाहिलं आणि तिला वाईट वाटलं, पण तिच्या मनात गुरुवारशिवाय कशालाच जागा नव्हती.

पाहणीच्या बाई बाराला आल्या. दुसरं एक काम रद्द झालं म्हणून तीन तास आधी आले, असं त्यांनी प्रसन्नपणे सांगितलं. संचालक मॅडमचा चेहरा प्रसन्न नव्हता. दोघी दालनाच्या दारात उभ्या राहिल्या. समोर युनिफॉर्मच्या कापडांत काकू रांगत होती. आजी पहारेकऱ्याकडून मालिका ऐकत होती. ओल्या केसांचे एक गृहस्थ टॉवेलने कान पुसत चित्रं बघत होते. आणि आतल्या बाजूने शिट्टी झाली.

"पहिली," आजी म्हणाली.

आता संपलं, ताईला वाटलं. खुर्च्या आल्याच.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

ताईने सांगायला सुरुवात केली. क्रेट, रंग, पेन्सिल, कलम बारा, सगळं एकाच श्वासात आणि उलट्या क्रमाने. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"मला एवढंच सांगा. या वस्तू संग्रहालयाच्या आहेत की या लोकांच्या? नोंद काय म्हणते?"

नोंदकर चहाच्या खोलीच्या दारात, दोन्हीकडे लक्ष ठेवत स्टुलावर बसले होते; सगळे त्यांच्याकडे वळले. नोंदकर उठले, त्यांनी रजिस्टर उघडून छातीसमोर धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "क्रमांक एक. कुकरची शिट्टी. पोलाद. उंची..."

बाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पानाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, रजिस्टर उलटं धरलंय तुम्ही."

दालनात कोणी हललं नाही. शिट्टीसुद्धा झाली नाही. नोंदकरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी रजिस्टर सरळ केलं, हात लांब केले आणि डोळे बारीक करून पानाकडे पाहिलं.

ताईला मदत करायला म्हणून आलेली टाचणी चित्रांपाशी उभी होती. ती टेबलापाशी गेली आणि तिने क्रमांक चौदा उचलला.

"आजोबा, हा घाला."

"हातमोजे!" नोंदकर ओरडले. "हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही! आणि तू आजोबा काय म्हणतेस, मी इथे कामावर आहे!"

"आजोबा, तो तुमचाच आहे. घरच्या फडताळातला." टाचणीचा आवाज एकदम बारीक झाला. "मी आणला होता. तुम्ही म्हणालात तुमचा ऑफिसात आहे, म्हणून मला वाटलं हा जास्तीचा."

"घरी म्हटलं ऑफिसात आहे, आणि ऑफिसात..." नोंदकर थांबले. मग स्टुलावर बसले. "काय सांगणार होतो? चष्मा सापडत नाही म्हटलं असतं तर यांनी म्हटलं असतं, काकांचे डोळे गेले, आता कॉम्प्युटरवाला माणूस बघा. नवीन करायला टाकलाय. उद्या मिळणार होता. एक आठवडा निभावून न्यायचा होता, बस."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. सोमवारपासून ती या माणसाला घाबरत होती, आणि तो तिच्याइतकाच घाबरलेला होता. तीन दिवस स्वतःच्या डोळ्यांसमोर टेबलावर असलेला चष्मा त्यांनी एकदाही लावून पाहिला नव्हता, कारण नोंद झालेली वस्तू नाकावर चढवावी हा विचार एकतीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

"काका," ती म्हणाली, "मूळ मालकाला इमारतीत बसून वापरता येते. कलम बारा."

नोंदकरांनी हातमोजे नीट ओढून घेतले, चष्मा दोन्ही हातांनी धरून डोळ्यांवर चढवला आणि नोंदीचं पान काढलं. पानाला एक चिठ्ठी टाचलेली होती. त्यांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली. रजिस्टर मिटून टाकलं असतं तर तिथे कोणाला काही कळलं नसतं. पण कागदावर जे लिहिलंय ते लपवायचं कसं, हे त्यांना शिकवलेलंच नव्हतं.

"'तात्पुरतं. सोमवारी परत द्यायचं आहे,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "कोरी नव्हती. नोंद चुकीची आहे आणि चूक माझी आहे. कलम एकोणीस. नोंदणी अधिकाऱ्याची स्वतःची चूक त्याने स्वतः लाल शाईने दुरुस्त करावी. समिती लागत नाही." ते थोडं थांबले. "हे कलम मला कधी लागलं नव्हतं."

आत दुसरी शिट्टी झाली.

पाहणीच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पहारेकऱ्याला विचारलं, "एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी किती लोक असतात इथे?"

"एरवी?" पहारेकरी म्हणाला. "मी आणि पंखा."

"आणि या आजी?"

"तिसरा दिवस आहे त्यांचा. चित्रंपण सगळी पाहिलीत. ते घड्याळाचं चित्र तिरकं लागलंय म्हणतात."

"लागलंच आहे तिरकं," आजी म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी सगळी सतरा चित्रं एकेक करून पाहिली, काकूच्या कापडाला वळसा घालून, आणि जाताना संचालक मॅडमना म्हणाल्या, "वर्ग बंद कशाला करायचा? खुर्च्या दुसरीकडे ठेवा. फक्त पुढच्या वेळी वस्तू आणण्याआधी घरच्यांना विचारायला सांगा." ताईने हो म्हणायला तोंड उघडलं आणि तिला रडूच आलं. टाचणीने टॉवेलवाल्या बाबांचा टॉवेल तिच्यापुढे केला.

दुपारी नोंदकरांनी लाल शाईने सतरा रेघा मारल्या, प्रत्येक वस्तूवरचा क्रमांक पुसून काढला आणि सही घेऊन एकेक वस्तू मालकाच्या हवाली केली. घड्याळवाल्या मुलाच्या बाबांनी फोन करून घड्याळ हवं तितके दिवस ठेवा म्हणून सांगितलं. स्वतःच्या चष्म्यावरचा क्रमांक नोंदकरांनी तेवढा राहू दिला. पुन्हा हरवला तर सापडणाऱ्याला कळेल, म्हणाले.

पाच वाजता टेबलावर एकच पाकीट उरलं.

"क्रमांक अठरा," नोंदकर म्हणाले आणि पाकीट उघडून वस्तू उजेडात धरली. चष्मा सावरला. जरा लांब धरली, जवळ आणली. "मॅडम, हा आरसा नाही."

ताईने पाहिलं. दांडीला डाव्या बाजूला ओळखीची दुमड होती. जाळीत शनिवारच्या सकाळची पत्ती अडकलेली होती. फळ्यापाशी उभं राहून दोन मिनिटांत चित्र काढून दाखवणारी ती स्वतःच तिला आठवली, आणि त्यापाठोपाठ रिकामे केलेले खण, दोरीवरचा रुमाल आणि हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही हे आपलं वाक्य, हे सगळं एकदमच आठवलं. पोटातला गोळा कुठे गेला नव्हता. तो नुसता थांबला होता.

"काका," ती घाईने म्हणाली, "ही कायमची नोंदवून टाका."

"मालक?"

"अज्ञात."

नोंदकरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, आता चष्मा आहे मला."

शेवटी त्यांनी 'देणगी, नाव गुप्त' असं लिहिलं. घरी जाताना ताईने नवी गाळणी घेतली. "आई, जुनी जाऊ दे," ती म्हणाली. "ही बघा किती छान आहे." सासूबाईंनी गाळणी उलटसुलट करून पाहिली आणि खिळ्याला अडकवली. प्रकरण मिटलं असं समजून ताई त्या आठवड्यात प्रथमच शांत झोपली.

रविवारी दालनात गर्दी होती. मुलांनी दालनातले फोटो घरोघरी पाठवले होते आणि ते फिरत फिरत सगळीकडे पोचले होते, त्यामुळे आत्या, मावश्या, शेजारी, सगळेच आले होते. मधोमध काचेच्या पेटीत गाळणी होती आणि तिच्यामागे फळ्याशेजारच्या भिंतीवरून मुलांनी काढून आणलेलं ताईचं दोन मिनिटांचं चित्र. पेटीसमोर स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती. ताई जवळ गेली. पिशवी घरची होती.

"फोटोत ओळखली," सासूबाई म्हणाल्या. "ती दुमड मी पाडली होती, तुझं लग्न झालं त्या वर्षी. बरणीचं झाकण उचकटताना." मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि नोंदकरांकडे वळल्या. "काय हो, इमारतीत बसून वापरता येते म्हणे?"

"येते," नोंदकर उभे राहिले. "पण मूळ मालक असेल तरच. तुमची आहे का?"

"हिला विचारा," सासूबाई थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या. "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही."

नोंदकरांनी ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घालून हो म्हटलं. नोंदकरांनी खिशातून किल्ली काढून पेटी उघडली, हातमोज्यांचा एक जोड सासूबाईंच्या हातात दिला, आणि ताई कप आणायला धावली.